मूळ चित्र कोणते? जुन्या संगणकखेळांच्या दृश्यपाठाचा एक प्रश्न

१

जुना संगणकखेळ आजच्या यंत्रावर चालविणे ही आता फारशी अवघड गोष्ट राहिलेली नाही. अवघड आहे ते त्याचे चित्र मॉनिटरवर योग्य रीतीने उमटविणे. आणि ‘योग्य रीतीने’ ह्या दोन शब्दांतच वादाचे बीज आहे. इड सॉफ्टवेअर ह्या अमेरिकन कंपनीचा ‘डूम’ हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झाला. आजच्या १६:९ प्रमाणाच्या रुंद मॉनिटरवर तो लावला असता मांडणीनुसार त्याचे चित्र तीन प्रकारे दिसू शकते. पहिल्या प्रकारात ते सबंध पडद्यावर ताणले जाते व त्यातील आकृती पसरट आणि बुटक्या होतात. दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहून चित्र ८:५ ह्या प्रमाणात बसते. तिसऱ्या प्रकारात हे पट्टे अधिक रुंद होतात, चित्र ४:३ ह्या प्रमाणात येते आणि त्याच आकृती उंच व सडपातळ दिसू लागतात.

ह्यांपैकी पहिला प्रकार विकृत आहे, हे बहुतेकांस मान्य होते. खरा मतभेद दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांविषयी आहे. दुसऱ्या प्रकाराचे पुरस्कर्ते असे म्हणतात, की संगणकात जे बिंदू साठविले आहेत ते कमीजास्त न करता दाखविणे हीच मूळाशी निष्ठा होय. तिसऱ्या प्रकाराचे पुरस्कर्ते त्यावर असे उत्तर देतात, की १९९३ साली लोकांनी डोळ्यांनी जे पाहिले तेच मूळ होय. जुन्या पोथ्यांच्या संपादनाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांस हा वाद अनोळखी वाटणार नाही. लिहिलेले प्रमाण मानावयाचे की वाचलेले, हाच तो प्रश्न. तो केवळ अभिरुचीवर सोपविण्याचे कारण नाही. त्याचा निर्णय बव्हंशी पुराव्याने करता येतो. मात्र त्यातील निर्णायक पुरावा खेळाच्या फायलीत नाही, तर फायलीबाहेर आहे.

२

प्रथम ३२० × २०० ह्या संख्यांचा उगम पाहणे इष्ट ठरेल. डॉस ह्या प्रणालीवरील असंख्य खेळांचे चित्र आडवे ३२० व उभे २०० बिंदू, म्हणजेच पिक्सेल, अशा चौकटीत रचलेले असे. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा त्याच्यासाठी सीजीए नावाचे रंगीत चित्राचे कार्ड उपलब्ध होते. त्याची स्मृती १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ बाइट इतकी होती. ३२० × २०० बिंदू घेतले व प्रत्येक बिंदूस चारांपैकी एक रंग दिला, तर १६,००० बाइट लागतात. म्हणजे चित्र ह्या स्मृतीत नेमके सामावते. हे कार्ड दूरचित्रवाणीच्या रेषांच्या पद्धतीवर बेतलेले होते. अमेरिकन पद्धतीत एका फेरीत सुमारे २६२ रेषा येतात; त्यांतील २०० रेषा कडेला कापल्या न जाता निश्चितपणे दिसत.

पुढे १९८७ साली आयबीएमने पीएस/२ ह्या संगणकमालिकेबरोबर व्हीजीए ही नवी चित्रव्यवस्था आणली. तिच्यात २,६२,१४४ रंगांमधून कोणतेही २५६ रंग निवडण्याची सोय होती. तथापि २५६ रंगांच्या सोप्या प्रकारात चौकट जुनीच, म्हणजे ३२० × २०० राहिली. येथेही हिशेब स्मृतीचाच होता. प्रत्येक बिंदूस एक बाइट ह्याप्रमाणे ६४,००० बाइट लागत आणि त्या काळच्या प्रक्रियकास एका खंडात ६५,५३६ बाइटपर्यंत सलग पोहोचता येई. सबंध चित्र एका खंडात बसल्यामुळे ते झपाट्याने बदलता येत असे. खेळ लिहिणाऱ्यांस हा लाभ फार मोलाचा वाटला.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ३२० आणि २०० ह्या संख्या स्मृतीच्या व रेषांच्या हिशेबातून आल्या. चित्राच्या आकाराच्या विचारातून आल्या नाहीत. मॉनिटरची काच मात्र ४:३ ह्या प्रमाणाची होती, आणि ते प्रमाण दूरचित्रवाणीकडून व तिच्याही आधी चित्रपटाकडून वारसाने आलेले होते. ह्या दोन परंपरांचा एकमेकींशी मुळात काही संबंध नव्हता. त्या एका पडद्यावर एकत्र आल्या तेव्हा बिंदूचा आकार चौरस राहणे शक्यच नव्हते. ३२० ला २०० ने भागल्यास १.६ येतात, ४ ला ३ ने भागल्यास १.३३ येतात. म्हणजे ह्या चौकटीतील प्रत्येक बिंदू रुंदीच्या १.२ पट उंच होतो. अशा पडद्यावर वर्तुळ काढावयाचे, तर १०० बिंदू रुंदीस उंची सुमारे ८३ बिंदूंचीच ठेवावी लागते. फायलीतील आकडे चौरस बिंदूंवर मांडले, तर असे वर्तुळ चपटे दिसणारच.

३

आता मॉनिटरकडे वळावयास हवे. कॅथोड किरणनलिकेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील प्रकाशमान लेपावर डावीकडून उजवीकडे व वरून खाली फिरत असे. अशा काचेवर बिंदूंची जागा ठरलेली नसे. रेषा कमी असोत वा अधिक, त्या त्याच काचेवर पसरत. व्हीजीएचा मॉनिटर संगणकाकडून येणाऱ्या इशाऱ्यांवरून रेषांची संख्या ओळखी आणि झोताची उभी फेक त्या मानाने कमीजास्त करी. ६४० × ४८० च्या चौकटीत बिंदू चौरस असत. ३२० × २०० च्या चौकटीत ते उभट असत. परंतु दोन्ही चित्रे एकाच काचेची तीच लांबीरुंदी व्यापीत. बाह्य पुराव्यांपैकी हा सर्वांत भक्कम पुरावा होय. डूम ज्यांनी आपल्या काळी पाहिला, त्यांतील बहुतेकांनी तो ४:३ ह्याच प्रमाणात पाहिला.

आणि तरीही हे प्रमाण खेळाच्या फायलीत कोठेही नोंदविलेले नाही. नोंदविण्याचे प्रयोजनच नव्हते. ते काचेत होते. कृतीचा एक घटक कृतीच्या बाहेर, यंत्रात राहिला होता. यंत्र बदलले तेव्हा तो घटक कोणाच्या ध्यानात न येता गळून पडला.

हे प्रमाणापुरतेच घडले असे नाही. आयबीएमच्या ५१५३ ह्या रंगीत मॉनिटरचे उदाहरण ह्या बाबतीत उद्बोधक आहे. सीजीए कार्डाकडून मॉनिटरला लाल, हिरवा, निळा व उजळपणा असे चार इशारे जात. त्यांपैकी फक्त लाल व हिरवा लावल्यास हिशेबाने मळकट पिवळा रंग यावयास हवा. परंतु ह्या एका मेळापुरता हिरवा भाग कमी करणारी खास योजना मॉनिटरच्या अंतर्भागात केलेली होती, आणि त्यामुळे काचेवर तपकिरी रंग दिसे. माती, लाकूड, विटा रंगविण्यास तो उपयोगी पडे. हा तपकिरी रंग कार्यक्रमात नव्हता, इशाऱ्यातही नव्हता. तो केवळ मॉनिटरमध्ये होता. इशाऱ्याचाच अक्षरशः अर्थ लावणाऱ्या यंत्रावर तेथे मळकट पिवळा रंग येतो.

त्याच कार्डाचा दुसरा एक प्रकार आणखी बोलका आहे. सीजीएला दूरचित्रवाणी संच किंवा एकाच तारेने रंग नेणारा कंपोझिट मॉनिटर जोडता येत असे. अमेरिकन दूरचित्रवाणीच्या पद्धतीत अगदी जवळजवळ असलेले काळेपांढरे ठिपके संचाला रंगाच्या इशाऱ्यासारखे भासतात. ह्या दोषाचाच उपयोग करून काही कार्यक्रमकारांनी दोन रंगांच्या चौकटीतून सोळा रंगांचे चित्र उमटविले. तेच चित्र चांगल्या, महागड्या मॉनिटरवर लावले की रंग नाहीसे होऊन नुसत्या उभ्या रेघोट्या दिसत. १९८२ सालचा मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ आरंभीच वापरणाऱ्यास विचारी, की तुमचा मॉनिटर कोणत्या प्रकारचा आहे? पडद्यावाचून आपला पाठ पुरा होत नाही, ह्याची जाणीव निदान काही कर्त्यांस होती, असे ह्यावरून म्हणता येते.

४

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नलिकेचे मॉनिटर मागे पडून सपाट मॉनिटर रूढ झाले. सपाट मॉनिटरचा पडदा ठरावीक संख्येच्या चौरस घरांचा बनलेला असतो. त्याच्यावर रेषा हव्या तशा पसरत नाहीत. जुन्या चित्राचा प्रत्येक बिंदू कोणत्या घरात घालावयाचा, हे कोणास तरी ठरवावे लागते. १२८० × १०२४ चे मॉनिटर तर ५:४ प्रमाणाचे होते. त्यांच्यावर चित्र भरून दाखविल्यास ते किंचित उभट होई. पुढे १६:१० व १६:९ प्रमाणाचे रुंद मॉनिटर आले आणि तेच चित्र आडवे ताणले जाऊ लागले.

दरम्यान २००२ साली डॉसबॉक्स हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा कार्यक्रम, प्रसिद्ध झाला. जुने खेळ नव्या संगणकावर जिवंत ठेवण्याच्या कामी त्याचे ऋण मोठे आहे. त्याच्या मांडणीच्या फायलीत प्रमाण सुधारण्याची एक ओळ आहे; परंतु ०.७४ ह्या दीर्घकाळ प्रचलित राहिलेल्या आवृत्तीत ती मुळात बंद ठेवलेली असे. ज्याला ती ठाऊक नाही, त्याच्यापुढे चौरस बिंदूंचे चपटे चित्रच येई. तरुण खेळाडूंच्या एका पिढीने डॉसचे खेळ अशा स्वरूपात पाहिले व त्यालाच ती मूळ समजली, ह्यात नवल नाही. हस्तलिखितांच्या परंपरेतही एखाद्या सुलभ प्रतीचा पाठ केवळ प्रसारामुळे प्रमाण होऊन बसतो.

प्रमाण सुधारणे तत्त्वतः सोपे असले, तरी व्यवहारात त्यात एक अडचण येते. १६०० × १२०० ही जागा ह्या कामी आदर्श होय. तेथे प्रत्येक बिंदू आडवा ५ पट व उभा ६ पट मोठा होतो. दोन्ही पटी पूर्णांक असल्याने कडा स्वच्छ राहतात आणि प्रमाण अचूक ४:३ येते. १९२० × १०८० च्या प्रचलित मॉनिटरवर मात्र ४:३ चे चित्र १४४० × १०८० इतके होते. म्हणजे आडवी पट ४.५ व उभी पट ५.४ येते. घराचे तुकडे करता येत नाहीत. तेव्हा काही बिंदू जाड व काही बारीक ठेवावे लागतात, किंवा शेजारचे रंग मिसळून कडा धूसर कराव्या लागतात. तडजोड म्हणून आडवी ४ व उभी ५ पट घेतल्यास चित्र १२८० × १००० होते. त्याचे प्रमाण १.२८ असून ते खऱ्या प्रमाणाहून केवळ चार टक्क्यांनी कमी आहे. कडाही स्वच्छ राहतात. ३८४० × २१६० च्या पडद्यावर १६०० × १२०० चे निर्दोष चित्र भोवती रुंद काळी चौकट सोडून सहज बसते. कडांची स्वच्छता, प्रमाणाची अचूकता आणि चित्राचा मोठेपणा ह्या तीन गुणांपैकी एकाचा थोडाफार त्याग केल्याशिवाय बहुधा गत्यंतर नसते. तो त्याग कोणता केला, हे सांगणे मात्र दाखविणाऱ्याचे कर्तव्य आहे.

काळाच्या बाबतीतही असेच घडते. ३२० × २०० च्या ह्या प्रकारात व्हीजीए सेकंदाला सुमारे ७० वेळा चित्र काढी आणि डूमची चाल नेमकी त्याच्या निम्मी, सेकंदाला ३५ पावले, अशी बांधलेली आहे. सेकंदाला ६० वेळा चित्र काढणाऱ्या मॉनिटरवर हा भागाकार निःशेष होत नाही; काही पावले एका चित्रापुरती, तर काही दोन चित्रे टिकतात. हालचालीत जो सूक्ष्म अडखळ जाणवतो, त्याचे हे एक कारण होय.

५

येथपर्यंत बाह्य पुराव्याचा विचार झाला. अंतर्गत पुरावा काय सांगतो? चित्रांत सूर्य, चाक, नाणे अशा ज्या वस्तू गोल असावयास हव्यात, त्या कोणत्या प्रमाणात गोल दिसतात हे मोजणे ही त्याची सोपी कसोटी आहे. मायकेल अब्रॅश ह्यांनी १९९१ साली ‘डॉ. डॉब्स जर्नल’मध्ये व्हीजीएच्या ३२० × २४० ह्या अप्रसिद्ध चौकटीविषयी लिहिताना बिंदू चौरस असणे हा तिचा एक गुण म्हणून नोंदविला. ३२० × २०० चे बिंदू चौरस नाहीत, हे जाणकार कार्यक्रमकारांस ठाऊक होते, ह्याची ती साक्ष होय.

परंतु अंतर्गत पुरावा सर्वत्र एकमुखी नाही, हेही मान्य केले पाहिजे. युरोपात अमिगा व अटारी एसटी हे संगणक लोकप्रिय होते. तेथील दूरचित्रवाणीच्या पद्धतीत रेषा अधिक असल्याने २०० रेषांचे चित्र पडद्याच्या काही भागातच बसे, खाली काळी जागा उरे आणि बिंदू जवळजवळ चौरस दिसत. अशा पडद्यासमोर बसून काढलेले चित्र आयबीएमच्या पद्धतीच्या संगणकावर नेले की ते उभट होई. येथे एकाच चित्राला दोन देशांत दोन आकार होते आणि दोन्ही खरे होते.

डूममध्ये तर हा भेद एकाच कृतीच्या पोटात आढळतो. त्याची दृश्यरचना करणारे गणित आडवे व उभे एकक सारखेच धरते; त्यामुळे ४:३ च्या काचेवर नकाशातील घन रुंदीपेक्षा काहीसा उंच दिसतो. त्याचे नकाशे ज्या नेक्स्ट संगणकांवर रचले गेले, त्यांच्या पडद्यावरील बिंदू चौरस होते; ते पाहिले गेले मात्र व्हीजीएच्या उभट बिंदूंतून. डिसेंबर १९९७ मध्ये खेळाचा मूळ कार्यक्रम सर्वांस खुला झाल्यावर त्याच्या अनेक नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी कित्येकांनी हजारो बिंदूंच्या सूक्ष्म पडद्यावरही १.२ पट उभा ताण मुद्दाम राखला आहे. गणिताच्या दृष्टीने तो दोष आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो पाठ आहे.

अशा प्रसंगी कर्त्याच्या मनातील आदर्श चित्र शोधीत बसणे निष्फळ ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनी आदिपर्वाच्या १९३३ सालच्या प्रस्तावनेत संपादकाचे उद्दिष्ट मर्यादित केले होते. व्यासांच्या मुखातील शब्द परत मिळविणे हे ते उद्दिष्ट नव्हते; उपलब्ध प्रतींच्या आधारे ज्या प्राचीनतम रूपापर्यंत जाता येते, तेथवर जाणे हे होते. हीच मर्यादा येथे उपकारक आहे. कर्त्याला काय अभिप्रेत होते हे प्रत्येक वेळी सांगता येणार नाही. कोणत्या यंत्रावर काय दिसत होते, हे बहुतेक वेळा सांगता येते.

६

विकृती आणि पाठभेद ह्यांतील फरकही येथे स्पष्ट केला पाहिजे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) व ‘स्टारक्राफ्ट’ (१९९८) हे विंडोजवरील खेळ २५६ रंगांचे आहेत. त्यांच्या चित्रात प्रत्यक्ष रंग साठविलेला नसून रंगाचा क्रमांक साठविलेला असतो, आणि कोणत्या क्रमांकाचा रंग कोणता हे एका कोष्टकावरून ठरते. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ ह्या प्रणालींवर हे खेळ लावले असता कधीकधी डेस्कटॉप सांभाळणारा कार्यक्रम त्या कोष्टकात ढवळाढवळ करी, आणि गवत व पाणी भलत्याच रंगांत चमकू लागे. तो कार्यक्रम तेवढ्यापुरता बंद करणे, हा त्यावरील त्या वेळचा लोकप्रिय उपाय होता. येथे योग्य रूप कोणते, ह्याविषयी वादच नाही. ही लेखकुच्या हातून झालेल्या अक्षरचुकीसारखी उघड विकृती आहे, व ती निःशंकपणे दुरुस्त करावी. प्रमाणाचा प्रश्न मात्र पाठभेदाचा आहे. तेथे निवड करावी लागते व निवडीचे कारण द्यावे लागते.

ह्या दोहोंखेरीज आणखी एक तिसरा वर्ग आहे, तो अतिशुद्धीचा. जुनेपणा आणण्याच्या हौसेने आज पुष्कळ जण डॉसच्या खेळांच्या चित्रावर काळ्या आडव्या रेषा चढवितात. दूरचित्रवाणी संचावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत अशा रेषा खरोखर दिसत. कारण तेथे सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा काढल्या जात व त्यांमध्ये रिकामी जागा राही. व्हीजीए मात्र सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा काढी आणि २०० रेषांच्या चित्रातील प्रत्येक रेषा दोनदा काढून ४०० रेषा भरी. त्यामुळे डूमच्या मूळ चित्रात तसे ठळक काळे पट्टे नव्हते. बोलीतील शब्द चुकीचा समजून जो वक्ता त्याच्या जागी कधीच प्रचारात नसलेले ‘शुद्ध’ रूप योजतो, त्याच्यासारखीच ही कृती आहे. तिच्यात जुन्याविषयी आदर आहे, परंतु जुन्याचे ज्ञान नाही.

७

सारांश, ३२० × २०० च्या खेळांपुरते बोलावयाचे, तर आयबीएमच्या पद्धतीच्या संगणकावर ४:३ हे प्रमाण ग्राह्य धरावे. जेथे चित्र अन्य यंत्रावरून आल्याचा पुरावा असेल, तेथे दुसरा आकारही पाठांतर म्हणून नोंदवावा. आणि काळ्या रेषा पुराव्यावाचून घालू नयेत. त्या काळीही मॉनिटरला उंची व रुंदी कमीजास्त करणाऱ्या कळा होत्या आणि घरोघरी चित्र थोडेफार वेगळे दिसे, हे खरे. परंतु प्रतींत लहानसहान भेद आहेत म्हणून पाठच नाही, असा निष्कर्ष कोणी काढीत नाही.

ह्या कामाला निकड आहे ती वेगळ्या कारणाने. खेळांच्या फायली टिकविण्याची व्यवस्था आता बरीच झाली आहे. इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेने जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे सुमारे २,४०० खेळ सर्वांस खेळण्यास खुले केले. नलिकेच्या मॉनिटरांचे उत्पादन मात्र जवळजवळ थांबले आहे आणि उरलेल्या नळ्या वापराबरोबर मंद होत चालल्या आहेत. ते पडदे ज्यांनी रोज पाहिले, ती माणसे अद्याप हयात आहेत. त्यांच्या आठवणी, मॉनिटरांची मापे, त्यांची तांत्रिक पुस्तके आणि पडद्यांची छायाचित्रे एकत्र करून प्रत्येक खेळाबरोबर त्याच्या पडद्याचे वर्णन जतन केले, तरच फायलीतील आकड्यांचे वाचन पुढील अभ्यासकांस बिनचूक करता येईल. पोथीबरोबर तिची लिपी वाचण्याची रीत जपली नाही, तर अक्षरे राहतात आणि वाचन हरवते. ते येथे घडू देऊ नये.